चिपीला येतं ते पंख्याचं विमान नेव्हीच्या काय कामाचं?

वेंगुर्ल्याच्या एका दादांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. चिपीहून, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळाहून, एटीआर ह्या पंख्याच्या प्रवासी विमानात चढताना त्यांनी बघितलं की दोन्ही पंखे थांबलेले, पण उजव्या इंजिनाचा आवाज मात्र जोरात चालू, म्हणजे काही बिघाड होता का? मग त्यांचा भाचा म्हणाला की हेच विमान पाकिस्तानची नेव्ही पाणबुड्या शोधायला वापरते, ते खरं का? आणि भावाच्या ट्रॉलरवरून अगदी खालून जातं ते कोस्ट गार्डचं पंख्याचं विमान तेच का? शेवटी त्यांनी टोला मारलाय की जेटच्या जमान्यात ही आकाशातली एसटी लढाईत काय दिवे लावणार.

मी आधी नेव्हीत एअर टेक्निकलला होतो, त्यातली बरीच वर्षं गोव्यात दाबोळीला डॉर्नियर ह्या छोट्या गस्ती विमानावर, नंतर एका खासगी कंपनीत एटीआरवर. पायलट नाही, हाताला ग्रीस लागलेला माणूस. त्यामुळे मी सांगतो ते हँगरमधून दिसतं तसं, पायलट लोक काही गोष्टी वेगळ्या सांगतील आणि त्यांचंही बरोबर असेल. गाव देवगड तालुक्यात, म्हणून मासेमारीवाल्यांची बाजूपण थोडीफार माहीत आहे. आणि जे सांगण्यासारखं नाही ते सांगणार नाही, खालचं सगळं उघड माहितीतलं आहे.

सगळ्यात आधी, "लढाईत काय करणार" हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय असं मला वाटतं. लष्कर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिग आणि राफेल येतं, पण समुद्रावरचं काम बहुतेक वेळ कसलं असतं तर नुसतं फिरत राहायचं, बघत राहायचं, कोण कुठे चाललाय ते लिहून घ्यायचं आणि परत यायचं, आणि उद्या पुन्हा तेच. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की हे विमान हवेत किती तास राहतं, त्याला किती पेट्रोल लागतं (पेट्रोल म्हणजे एटीएफ, रॉकेलाचा भाऊ, पण आम्ही बोलताना काहीही म्हणायचो), आणि उद्या सकाळी ते पुन्हा उडण्याच्या लायकीचं असतं का. ह्या तिसऱ्यावर मी जास्त बोलणार आहे कारण आयुष्य त्यातच गेलं.

पहिलं ते इंजिनाचं मिटवून टाकतो. बिघाड काही नव्हता. त्याला हॉटेल मोड म्हणतात. मोठ्या जेट विमानाच्या शेपटीत एक छोटं वेगळं इंजिन असतं, जमिनीवर असताना वीज आणि एसी द्यायला. एटीआरमध्ये ते ठेवलेलंच नाही, तेवढंच वजन वाचलं. मग जमिनीवर करायचं काय? तर उजव्या इंजिनाच्या प्रॉपेलरला ब्रेक लावायचा आणि इंजिनाचा आतला भाग फिरता ठेवायचा. हे जमतं कारण एटीआरच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात पंखा फिरवणारं टर्बाइन बाकीच्या इंजिनाला दांड्याने जोडलेलंच नाही, मध्ये फक्त गरम हवा. घरातला टेबल फॅन चालू करून समोर भिंगरी धरली तर ती फिरते ना, आणि भिंगरी बोटाने धरून ठेवली तरी फॅन आपला चालूच राहतो, तसं समजा. डावं इंजिन मात्र पूर्ण बंद, कारण माणसं मागच्या डाव्या दाराने चढतात आणि सामान पुढच्या डाव्या दाराने, त्या बाजूला फिरतं पातं नको. शेपटीकडून वारा जोरात असेल तर धुराचा वास आत येतो म्हणून तेव्हा हे करत नाहीत.

डॉर्नियरचं ह्याच्या बरोबर उलट. त्याच्या गॅरेट इंजिनात सगळं एकाच दांड्यावर, इंजिन फिरलं की पंखा फिरणारच. म्हणून डॉर्नियर जमिनीवरसुद्धा असं कर्कश केकाटतं की दाबोळीला कान गेलेले माझ्या ओळखीत कमीत कमी चार जण आहेत. आणि बंद केल्यावर आम्ही काय करायचो, तर खाली उभं राहून पंखा हाताने थोडा थोडा फिरवायचो, कारण गरम दांडा तसाच ठेवला तर वरची बाजू गरम आणि खालची गार होऊन तो किंचित वाकतो आणि पुढच्या स्टार्टला घासतो. नवीन पोरांना वाटायचं सीनियर आपली मस्करी करतायत, विमानाचा पंखा कोण हाताने फिरवतं म्हणून.

तर हे झालं दादांच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. कोस्ट गार्डचं ते विमान म्हणजे डॉर्नियर २२८, एटीआर नाही. दोन्हीला दोन पंखे आणि दोन्हीचे डैने (आडवे पसरलेले विमानाचे पंख) वरच्या बाजूला, म्हणून लांबून घोळ होतो. पण एटीआर ७२ हे सत्तरेक सीटचं, जास्तीत जास्त २३ टनांचं, आणि डॉर्नियर १९ सीटचं, साडेसहा टनांच्या आतबाहेरचं. मिनीबस आणि एसटी एवढा फरक. डॉर्नियर मूळचं जर्मन, १९८१ला पहिल्यांदा उडालं, १९८३ला एचएएलने, म्हणजे आपल्या सरकारी विमान कंपनीने, लायसन्स घेतलं आणि कानपूरला बनवायला लागले. बनलेली पहिली काही कुठे गेली माहितीये? वायुदूतला. जुन्या लोकांना वायुदूत आठवत असेल, छोट्या गावांना जोडायला सरकारने काढलेली एअरलाइन. वायुदूत कधीच बुडाली, आणि तेच विमान कोस्ट गार्ड, नेव्ही आणि एअर फोर्समध्ये ८०-९०च्या दशकापासून आजपर्यंत चाललंय. गंमत म्हणजे २०२२च्या एप्रिलमध्ये अलायन्स एअरने कानपूरचं डॉर्नियर पुन्हा प्रवासी घेऊन दिब्रुगड ते पासीघाट उडवलं. म्हणजे प्रवासी, मग लष्करी, मग पुन्हा प्रवासी. नवऱ्याकडून माहेरी आलेल्या मुलीसारखं.

आता जेट का नाही. ह्याचं शास्त्र सोपं आहे. पुढे जायचं तर हवा मागे ढकलावी लागते. जेट थोडी हवा खूप जोरात ढकलतं, पंखा भरपूर हवा सावकाश ढकलतो. होडीत वल्हं मारणाऱ्याला विचारा, रुंद वल्हं सावकाश मारलं तर होडी पळते, अरुंद काठी कितीही जोरात हलवली तरी पाणी उडतं आणि माणूस दमतो. ताशी साधारण सहा-सातशे किलोमीटरच्या आत पंखाच स्वस्त पडतो, त्याच्यावर वेग हवा असेल तर पंख्याच्या टोकाशी आवाजाच्या वेगाचा त्रास सुरू होतो आणि मग जेट बरं. एटीआर ताशी साधारण ५१० किलोमीटरला जातं, म्हणजे आरामात त्या हद्दीच्या आत. गोवा-मुंबईसारख्या छोट्या फेरीत जेटने जेमतेम दहा-पंधरा मिनिटं वाचतात आणि पेट्रोल मात्र ढीगभर जास्त जातं.

आणि गस्तीला तर वेग मुळात नकोच असतो. शिवाय जेट इंजिन उंचावर, पातळ थंड हवेत सुखी असतं, खाली हजारभर फुटांवर आणलं की पेट्रोल पिऊ लागतं. टर्बोप्रॉपलाही, म्हणजे आपल्या पंख्याच्या विमानालाही, वरच बरं वाटतं पण खाली आणल्यावर त्याचा जीव तेवढा कासावीस होत नाही. गस्तीवाल्याला खाली यावंच लागतं, ते का ते बघा.

तुमचा भाऊ ट्रॉलरवर उभा राहिला, डोळे पाण्यापासून समजा दोन मीटर वर, तर त्याला क्षितिज दिसतं पाचेक किलोमीटरवर. त्याच्या पुढचं पृथ्वीच्या गोलाईत गेलं. तीनशे मीटरवर, म्हणजे हजार फुटांवर विमान असेल तर साठेक किलोमीटर दिसतं. दहा हजार फुटांवर गेलं तर पावणेदोनशेच्याही पुढे. मग कोणी म्हणेल वरूनच बघा की. पण दिसणं आणि ओळखणं ह्यात फरक आहे. रडारला वरून एक ठिपका दिसतो, मोठं जहाज असेल तर त्याचं नाव-गाव एआयएसवर (जहाज रेडिओवरून स्वतःची ओळख पाठवतं ती यंत्रणा) आपोआप येतं, पण आपल्या फायबरच्या होड्या रडारवर नीट दिसतसुद्धा नाहीत, लाटांच्या खळबळीत हरवतात. ठिपका म्हणजे कर्नाटकातल्या मलपीचा हायस्पीड ट्रॉलर आहे, का आपला रापणवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा), का वाट चुकलेलं कोण, का तेल सांडत जाणारं टँकर, हे कळायला खाली येऊन डोळ्यांनीच बघावं लागतं. २००८च्या नोव्हेंबरनंतर तर विचारूच नका, कुबेर नावाची मासेमारीची बोट पळवून ते दहा अतिरेकी मुंबईजवळ आले होते, म्हणजे ठिपका साधा होडीचाच होता.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर धरतात. डॉर्नियर गस्तीच्या आरामशीर वेगाने, ताशी अडीचशे धरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन तासांत जातं. पण काम किनाऱ्यावर संपत नाही, आपला आर्थिक हक्काचा समुद्र २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर आत आहे, आणि तिकडे नुसतं जाऊन यायलाच तीन तास. मग तिथे फिरायला किती उरले? ह्या हिशेबात सगळी निवड येते. छोटं विमान जवळ पुरतं, मध्यम विमान लांब जाऊन तिथे चार-दोन तास थांबू शकतं, मोठं विमान अख्ख्या अरबी समुद्राला पुरतं पण त्याचा खर्च तसाच.

आमचे एक काका, रापणीवाले, एकदा मला म्हणाले होते, "अरे बाबल्या, रोज त्याच टायमाक तुमचा इमान येता, मगे चोरांका कळाचा नाय काय?" हसण्यावारी नेलं तेव्हा, पण मुद्दा बरोबर होता. गस्त वेगवेगळ्या वेळी घालायची तर विमान वेगवेगळ्या वेळी तयार पाहिजे, आणि ते तयार ठेवणं ही आमची डोकेदुखी.

तर आता त्या "उद्या सकाळी उडतं का" कडे येतो.

एअरलाइनचं विमान आणि गस्तीचं विमान एकाच कारखान्यातून बाहेर पडलं तरी म्हातारपण दोघांना वेगवेगळ्या रोगांनी येतं. एटीआर एअरलाइनमध्ये दिवसाला सहा, सात, आठ फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत वर गेल्यावर केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, खाली आल्यावर सुटतो. फुगा फुगवला, सोडला, फुगवला, सोडला. त्याने पत्र्याला बारीक भेगा पडायला लागतात, म्हणून एअरलाइनमध्ये आम्ही तासांपेक्षा फेऱ्या मोजायचो. गस्तीचं विमान दिवसातून एकदाच वर जातं आणि तासन् तास खालीच फिरतं, फुगा फारसा फुगतच नाही. पण ते काय खातं? मीठ. एकाने फेऱ्या खायच्या, दुसऱ्याने मीठ.

कोकणातल्या माणसाला मिठाबद्दल काय सांगायचं. समुद्राकडच्या घराच्या खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत कसे होतात ते तुम्हाला माहीतच आहे. आता तेच मीठ इंजिनाच्या आत जाऊन कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांवर बसलं तर? पात्यांचा आकार हवेसाठी घासून-पुसून केलेला असतो, त्यावर पापुद्रा चढला की इंजिन तेवढीच ताकद द्यायला जास्त गरम होतं, जास्त गरम झालं की टर्बाइनचं आयुष्य कमी. म्हणून समुद्रावरून खाली फिरून आलं की कंप्रेसर वॉश. इंजिन पेटवायचं नाही, नुसतं स्टार्टरवर फिरवायचं आणि तोंडातून क्षार काढलेलं पाणी फवारायचं. विमानाचं अंगही धुवायचं गोड्या पाण्याने. बोअरचं पाणी चालत नाही, एका ठिकाणी (कुठे ते सोडा) टँकरवाल्याने कसलं पाणी आणून टाकलं देव जाणे, धुतल्यावर पांढरे डाग पडले आणि पुन्हा सगळं धुवायला लागलं, रात्रीचे दोन वाजले होते.

आणि मीठ दिसतं तिथे त्रास देत नाही, दिसत नाही तिथे देतं. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा बोल्ट असतो, दोन धातू आणि मध्ये खारट ओल म्हणजे छोटी बॅटरीच झाली, पत्रा आतून पांढरी पूड होऊन जातो आणि वरून रंग नवा कोरा. म्हणून आम्ही फ्लोअर उचलून टॉर्च घेऊन पोटावर सरपटत बघायचो. एअरलाइनमध्ये पण हे आहेच, तिथे सगळ्यात वाईट जागा म्हणजे संडास आणि गॅलीच्या खालची. आणि कोकणातल्या फेरीत तिसरी एक जागा, सामानाचा कप्पा. एकदा कोणीतरी सुरमईचा बॉक्स बर्फात नीट न बांधता बुक केला, बर्फ वितळून ते पाणी फ्लोअरच्या फटीतून खाली. वास आठवडाभर, आणि त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे ते खारं पाणी कुठे कुठे गेलं ते शोधायला अर्धी रात्र पॅनल उघडत बसलो. मासे न्या हो, पण नीट पॅक करून न्या.

अजून एक आपल्याकडचीच गोष्ट, कुंभारीण माशी. भिंतीला मातीचं घर करणारी ती. विमानाचा वेग मोजायला नाकाजवळ एक बारीक नळी असते, पिटो, तिला बरोबर त्या माशीला हवं तेवढं भोक असतं. कव्हर न लावता विमान उभं राहिलं तर ती आत मातीचं लिंपण करून मोकळी, आणि पायलटला टेक-ऑफला वेगच दिसत नाही. म्हणून ती लाल फडकं लावलेली कव्हरं असतात, शोभेला नाही.

हे सगळं एवढं का सांगितलं, तर लष्कराला प्रवासी विमान का आवडतं ते इथे आहे. खास लष्करासाठी बनवलेलं विमान जगात चाळीस-पन्नास बनलं असेल तर वीस वर्षांनी त्याचा एखादा पंप मिळत नाही, मग एका विमानाचा काढून दुसऱ्याला लावायचा, असं करत करत अर्धी विमानं उभीच. एटीआरची मात्र जगभर शेकडो विमानं रोज उडतायत, त्यातलं काय काय किती तासांनी बिघडतं हे कंपनीला तोंडपाठ झालेलं असतं, स्पेअर मिळतात, शिकलेले मेकॅनिक मिळतात, पायलटसाठी सिम्युलेटर मिळतो. एअरलाइनवाल्यांनी आपल्या पैशाने त्याचे सगळे दोष काढलेले असतात. लष्कराला आयतं.

आणि ही काही नवी युक्ती नाही. दाबोळीला १९७७पासून २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत जी आयएल-३८ विमानं होती ती मूळ आयएल-१८ ह्या रशियन प्रवासी विमानाची भावंडं, त्यांना चार पंखे. आता नेव्हीची जी पी-८आय आहेत, एकूण १२, ती म्हणजे बोइंग ७३७, तुम्ही पुण्याहून दिल्लीला जाता तेच घराणं. एअर फोर्सचं अॅव्रो घ्या, ब्रिटिश प्रवासी विमान, १९६०ला पहिल्यांदा उडालं, पुढच्याच वर्षी कानपूरला बनवून उडवलं, इंडियन एअरलाइन्समध्येपण चाललं आणि एअर फोर्समध्ये साठ वर्षं.

आता भाच्याचं. खरं बोलतोय तो. एटीआर ही फ्रेंच आणि इटालियन कंपन्यांनी १९८१ला मिळून काढलेली भागीदारी. छोटं एटीआर ४२ १९८४ला उडालं, लांब केलेलं ७२ हे १९८८ला. पाकिस्तानच्या नेव्हीने एटीआर ७२ घेऊन जर्मनीतल्या एका कंपनीकडून बदलून घेतली, सी ईगल नाव दिलं, पहिलं २०१८ला त्यांच्या हातात आलं. तुर्कस्तानच्या नेव्हीकडे पाणबुडीवर टॉर्पेडो टाकणारं एटीआर ७२ आहे. इटलीच्या एअर फोर्सकडे पी-७२ए नावाचं आहे, आणि इथे एक बारकावा आहे जो लोक नेहमी विसरतात. इटलीचं ते विमान समुद्रावर नजर ठेवतं, पण पाणबुडीची शिकार करत नाही. त्यांची जुनी अटलांटिक विमानं २०१७ला निवृत्त झाली तेव्हा ते काम करणारं विमानच त्यांच्याकडे उरलं नाही. म्हणजे बाहेरून विमान तेच, आत काय भरलंय त्यावर सगळं. नुसतं एटीआर आहे म्हणून पाणबुडी सापडेल असं नाही, आणि तुम्ही चिपीला चढलात त्यात तर चहा-बिस्किटाशिवाय काही नव्हतं.

आत काय भरतात? पोटाखाली रडारचा फुगा, हनुवटीखाली दिवसा-रात्री बघणारा कॅमेरा, बाजूला बाहेर फुगलेली खिडकी म्हणजे माणसाला खाली वाकून बघता येईल, सीट काढून स्क्रीनची टेबलं, त्यावर बसणारे ऑपरेटर, जास्तीचं पेट्रोल, आणि बुडणाऱ्यांना तराफा टाकायला हवेत उघडता येणारं दार. पाणबुडीसाठी मग पाण्यात टाकायचे कान, ज्यांना सोनोबॉय म्हणतात, आणि टॉर्पेडो. डैने वर असल्याचा फायदा इथे कळतो, खाली बघताना मध्ये काही येत नाही. दाराच्या बाबतीत डॉर्नियर एकदम सरळ, कारण त्याच्या केबिनमध्ये दाब भरतच नाहीत, दार उघडलं तर उघडलं. एटीआर दाबाचं, तिथे आधी दाब काढा, खाली या, मग उघडा.

वाईट बाजूपण सांगतो नाहीतर कोणीतरी म्हणेल जुना कामगार कंपनीची जाहिरात करतोय. पहिलं, हे विमान लढाऊ विमानासमोर काहीच नाही. १९९९च्या १० ऑगस्टला, कारगिल संपून महिनाही झाला नव्हता, कच्छजवळ पाकिस्तानी नेव्हीचं अटलांटिक आपल्या मिग-२१ने पाडलं, १६ माणसं गेली. ते पण दोन पंख्यांचंच गस्तीचं विमान, आणि तेसुद्धा प्रवासी नव्हे, मुद्दाम लष्करासाठी बनवलेलं. म्हणजे जिथे शत्रूचं फायटर येऊ शकतं तिथे ह्याने जायचंच नाही. दुसरं, खालून फिरण्याचा धोका. २०१५च्या मार्चमध्ये रात्रीच्या वेळी गोव्याजवळ नेव्हीचं डॉर्नियर समुद्रात पडलं, दोन अधिकारी गेले. त्यावर जास्त लिहिणार नाही. तिसरं, प्रवासी विमानात माणसं चढतात, जीप चढत नाही. अॅव्रोचं हेच दुखणं होतं, मागे उतरतं फळीसारखं दार नाही, म्हणून सामान बाजूने आत घाला आणि पॅराशूटवाल्यांना बाजूनेच ढकला.

अॅव्रोच्या जागी आता सी-२९५ येतायत, ५६ विमानांचा करार २०२१ला झाला, १६ स्पेनमधून आणि ४० वडोदऱ्याला टाटांकडे बनवायची. त्याला मागे दार आहे. आणि आमच्यासारख्यांना आनंदाची गोष्ट म्हणजे त्याचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू १२७च्याच घराण्यातलं, म्हणजे चिपीच्या एटीआरचा सख्खा चुलतभाऊ. एटीआरवर हात बसलेल्या पोराला तिथे इंजिन परकं वाटणार नाही. भाचा आयटीआय किंवा एएमईचा (विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरिंगचा) विचार करत असेल तर हे लक्षात ठेवायला सांगा.

मग कुठलं चांगलं? हे कामावर आहे, एका शब्दात सांगता येणार नाही. पाणबुडी हुडकायची आणि तीसुद्धा किनाऱ्यापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर, तर पी-८आयसारखं जेटच, ते उंचावरून झपकन पोचतं, तिथे पंख्याचा हट्ट नको. होड्या, वादळ, तेल, तस्करी हे सगळं दोनशे मैलांच्या आत, तर टर्बोप्रॉप. धावपट्टी छोटी असेल, रत्नागिरीला मिरजोळ्याजवळ कोस्ट गार्डचा तळ आहे तिथल्यासारखं सारखं ये-जा असेल, तर डॉर्नियरसारखं छोटं बरं, बिघडलं तरी दोन माणसं आणि एक शिडी घेऊन काम होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या किनाऱ्याला मोठ्या विमानाची नाही, जास्त डॉर्नियरची आणि त्याहून जास्त ती धुणाऱ्या-पुसणाऱ्या माणसांची गरज आहे. पण मी डॉर्नियरवालाच, त्यामुळे हे मत तेवढं हातचं राखून घ्या.

ओखी वादळ आठवतंय का, २०१७च्या डिसेंबरात? केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी, साडेनऊशेच्या वर माणसं, वाहत-वाहत सिंधुदुर्गात येऊन लागली. देवगडच्या बंदरात तेव्हा मल्याळम ऐकू येत होतं, गावातल्या लोकांनी जेवण दिलं. अशा वेळी पहिलं काम असतं समुद्रात कोण कोण उरलंय ते वरून बघायचं आणि व्हीएचएफ ह्या बोटीवरच्या रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर ओरडून सांगायचं की परत फिरा. ताशी आठशेने जाणाऱ्या विमानातून हे होत नाही. तिथे सावकाश, खालून, पुन्हा पुन्हा त्याच जागेवर घिरट्या घालणारी एसटीच लागते.

राहता राहिलं भावाच्या ट्रॉलरवरून इतकं खाली का येतं. घाबरवायला नाही. बोटीचा रंग आणि नंबर वाचायला, तो आयएनडी-एमएचने सुरू होणारा. केबिनच्या बाजूला लिहिलेला असतो तो पण जाळ्यांच्या ढिगामागे झाकला जातो किंवा उन्हाने उडालेला असतो, मग नंबर दिसेपर्यंत विमान तीन-चारदा फिरतं आणि बोटीवरच्यांना वाटतं आपल्यावरच डोळा आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदीत बोट वर ओढलेलीच असेल, तेव्हा भावाला सांगा केबिनच्या टपावर मोठ्या अक्षरात नंबर रंगवून घ्यायला, आणि व्हीएचएफचा सेट चालू ठेवायला, बरेच जण बॅटरी वाचवायला बंद ठेवतात. एका फेरीत काम होईल आणि विमान पुढे निघून जाईल.

चिपीला पुन्हा गेलात तर डैन्याच्या जरा मागे, उजव्या खिडकीला बसा. ब्रेक सुटला की तो पंखा आधी सावकाश, मग दिसेनासा होतो, ते बघायला मला अजून आवडतं.